आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा अख्खा मोसम: वेळा, गुणतक्ते आणि गहुंजे

भारतीय संघ आता बारा महिने कुठे ना कुठे खेळत असतो. घरच्या मालिका साधारण ऑक्टोबर ते मार्च, मग दोन महिने आयपीएल, पावसाळ्यात इंग्लंड किंवा वेस्ट इंडीज, थंडीत कधी ऑस्ट्रेलिया, कधी न्यूझीलंड, कधी दक्षिण आफ्रिका. महिला संघाचं वेळापत्रक वेगळं, आणि तेही आता तितकंच भरगच्च. सामना हुकतो तो बहुतेक वेळा तारीख किंवा वेळ चुकीची धरल्यामुळे. आणि सगळे सामने पाहूनही मोसम हाती लागत नाही, कारण गुणतक्त्याचं गणित आपण टीव्हीवरच्या पट्टीवर सोडून दिलेलं असतं. हे गणित स्वतःच्या हातानं केलं, की मधल्या फळीतला एखादा कंटाळवाणा वाटणारा तासही महत्त्वाचा का आहे, ते लगेच समजतं.

त्यासाठी एक वही लागते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात दोनशे पानी लाँगबुक मिळते, ती पुरे. मोबाइलचं कॅलेंडर गजरासाठी ठेवा, हिशेब मात्र कागदावरच करा. सुरुवातीची चोवीस पानं बारा महिन्यांना, दर महिन्याला समोरासमोरची दोन. शेवटची तीस पानं गुणतक्त्यांना. मधली सगळी मालिकांना.

महिन्याच्या पानावर सात रकाने आखा: आपली तारीख, तिथली तारीख, सामना आणि मैदान, तिथली वेळ, आपली वेळ, खेळ संपायची वेळ, निकाल. दोन तारखांचे दोन रकाने उगाच वाटतील, पण सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात.

आधी आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, स्पर्धा भरा, कारण त्यांच्या तारखा सहसा हलत नाहीत. पुरुषांचा टी-ट्वेंटी विश्वचषक ७ फेब्रुवारी ते ८ मार्च २०२६, भारत आणि श्रीलंका. महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक १२ जून ते ५ जुलै २०२६, इंग्लंड. पुरुषांचा एकदिवसीय विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबिया. त्यानंतर कसोटी मालिका, आणि सगळ्यात शेवटी वनडे आणि टी-ट्वेंटी. आयसीसीच्या भावी दौऱ्यांच्या आराखड्यात फक्त मालिका आणि साधारण महिना असतो. मैदान आणि नेमकी तारीख यजमान मंडळ काही महिने आधी जाहीर करतं. म्हणून आराखड्यातली नोंद शिसपेन्सिलीनं करायची आणि यजमान मंडळाची घोषणा झाल्यावरच पेनानं पक्की करायची. पहिल्याच दिवशी सगळं पेनानं लिहिलेली वही चार महिन्यांत खाडाखोडीनं भरून जाते.

वेळा

आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, आणि वर्षभर तीच. गोंधळ होतो तो इतर देश घड्याळं पुढे-मागे करतात म्हणून. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ पुढे असतं, न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत. पण ऑस्ट्रेलिया ही एक वेळ नाहीच. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे ते क्वीन्सलँड आणि पर्थचं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया घड्याळाला हातच लावत नाहीत. त्यामुळे एकाच मालिकेत पाच मैदानांच्या वेळा सारख्या नसतात. २०२४-२५ च्या बॉर्डर-गावसकर मालिकेत पर्थची कसोटी आपल्याकडे सकाळी ७.५० ला सुरू झाली, ॲडलेडची दिवस-रात्र कसोटी ९.३० ला, ब्रिस्बेनची ५.५० ला, मेलबर्न आणि सिडनीची पहाटे ५ ला. ‘ऑस्ट्रेलियात पहाटे पाच’ असा एकच गजर लावून ठेवणाऱ्यांची पर्थला जवळपास तीन तासांची झोप फुकट जाते.

कसोटीसाठी नुसती सुरुवात लिहून भागत नाही, सत्रं लिहा. साध्या दिवसाच्या कसोटीत दोन तासांचं सत्र, चाळीस मिनिटं उपाहार, दोन तास, वीस मिनिटं चहापान, दोन तास, आणि नव्वद षटकं झाली नसतील तर आणखी अर्धा तास. हे पाठ असलं की सुरुवातीच्या एका आकड्यावरून अख्खा दिवस मांडता येतो. इंग्लंडमध्ये ११ ला सुरू, म्हणजे आपल्याकडे ३.३०, उपाहार ५.३० ते ६.१०, चहापान ८.१० ते ८.३०, खेळ १०.३० किंवा ११ पर्यंत. नोकरी करणाऱ्याला तिसरं सत्र पूर्ण मिळतं आणि दुसऱ्याचाही बराच भाग, म्हणून पुण्यातून पाहायला इंग्लंड दौरा सगळ्यात सोयीचा. मेलबर्नला ५ ते ७, ७.४० ते ९.४०, १० ते १२. म्हणजे ऑफिसला निघण्याआधी पहिलं सत्र आणि दुसऱ्याचा तुकडा. न्यूझीलंड सगळ्यात अवघड: पहाटे ३.३० ला पहिला चेंडू. तिथे पहिल्या सत्राचा नाद सोडून ६.१० च्या दुसऱ्या सत्राला उठावं, हे आमचं स्पष्ट मत. पाचही दिवस साडेतीनला उठणारा चौथ्या दिवशी भर खेळात टीव्हीसमोर झोपतो. वेस्ट इंडीजमध्ये १० ला सुरू झालेली कसोटी आपल्याकडे संध्याकाळी ७.३० ला लागते आणि रात्री अडीचपर्यंत चालते. जमैकाचं घड्याळ बार्बाडोस-त्रिनिदादच्या एक तास मागे आहे, तेव्हा किंग्स्टनची कसोटी आणखी एक तास उशिरा धरा. दक्षिण आफ्रिका साडेतीन तास मागे, म्हणजे १० ची कसोटी दुपारी १.३० ला. श्रीलंकेची वेळ आपलीच, बांगलादेश अर्धा तास पुढे, पाकिस्तान अर्धा तास मागे, दुबई दीड तास मागे.

घरच्या कसोटीच्या वेळाही गृहीत धरू नका. साडेनऊची सुरुवात नेहमीची, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटीला लवकर मावळणाऱ्या सूर्यामुळे दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी ९ ला सुरू झाली, आणि आधी चहापान, नंतर उपाहार असा क्रम होता.

आता तारखेचा घोटाळा. कॅरिबियनमध्ये संध्याकाळी आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५.३० ला असतो. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अफगाणिस्तान आणि बांगलादेश यांचा सेंट व्हिन्सेंटचा सामना तिथल्या वेळापत्रकात २४ जूनचा होता. आपल्याकडे तो २५ जूनला सकाळी सहाला लागला. त्याच सामन्यानं अफगाणिस्तान उपांत्य फेरीत गेलं आणि ऑस्ट्रेलिया बाहेर पडली. ज्यांनी वहीत फक्त तिथली तारीख लिहिली, ते आदल्या दिवशी उठून बसले असणार. रकाने दोन ठेवायचे ते यासाठी.

जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा तक्ता

नऊ संघ, प्रत्येकाच्या सहा मालिका, तीन घरी आणि तीन बाहेर. विजयाला १२ गुण, बरोबरीला ६, अनिर्णित कसोटीला ४. पण क्रम गुणांवर लागत नाही, टक्क्यांवर लागतो, कारण कुणी पाच कसोटींची मालिका खेळतं, कुणी दोन. मिळवलेले गुण भागिले (खेळलेल्या कसोटी गुणिले १२). बस.

भारताचंच २०२५-२७ चं चक्र घ्या. इंग्लंडमध्ये पाच कसोटी: दोन जिंकल्या, दोन हरल्या, एक अनिर्णित. २८ गुण, शक्य ६०, म्हणजे ४६.६७ टक्के. मग वेस्ट इंडीजविरुद्ध अहमदाबाद आणि दिल्ली, दोन्ही जिंकल्या: ८४ पैकी ५२, ६१.९०. मग कोलकाता आणि गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेकडून दोन्ही हरल्या: गुण ५२ च राहिले, पण शक्य गुण १०८ झाले, आणि टक्के ४८.१५ वर घसरले. हरल्यावर गुण कापले जात नाहीत, तरी तक्ता खाली येतो, तो असा.

इथून पुढचं गणित वहीत मांडा. गुवाहाटीपर्यंत चक्रातल्या अठरा कसोटींपैकी नऊ झाल्या. एकूण शक्य गुण २१६. साठ टक्क्यांवर जायचं तर १२९.६ गुण हवेत, हातात ५२, म्हणजे नऊ कसोटींत ७७.६ मिळवायचे. सहा विजय आणि एक अनिर्णित म्हणजे ७६, थोडक्यात हुकले. सहा विजय आणि दोन अनिर्णित म्हणजे ८०, जमलं. सात विजय म्हणजे ८४. हे चार आकडे मालिकेच्या पानावर कोपऱ्यात लिहून ठेवले, की शेवटच्या दिवशी कसोटी वाचवण्यासाठी दहाव्या जोडीनं खेळून काढलेल्या अर्ध्या तासाची किंमत कळते. ते चार गुण नंतर कुठून आणायचे?

षटकांच्या गतीचा रकाना विसरू नका. निर्धारित वेळेत जितकी षटकं कमी, तितके गुण वजा. जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सची कसोटी इंग्लंडनं जिंकली, पण दोन षटकं कमी पडली म्हणून दोन गुण गेले: ३६ पैकी २४ चे २२ झाले, ६६.६७ टक्क्यांचे ६१.११. हा दंड सामना संपल्यावर वेगळा जाहीर होतो, त्यामुळे निकाल लिहून वही मिटली की तो हमखास राहतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बघून भरायचा.

नेट रनरेट

मोठ्या स्पर्धेत गुण सारखे झाले की वर कोण, हे बहुधा नेट रनरेटवर ठरतं, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सूत्र सोपं आहे: आपण केलेल्या एकूण धावा भागिले आपण खेळलेली षटकं, वजा आपण दिलेल्या एकूण धावा भागिले आपण टाकलेली षटकं. चुका तीन ठिकाणी होतात.

पहिली, दशांश. १३.४ षटकं म्हणजे तेरा षटकं आणि चार चेंडू. भागाकारात १३.४ घ्यायचे नाहीत; चार चेंडू म्हणजे ४/६, म्हणून १३.६६७ घ्यायचे.

दुसरी, सर्वबाद. संघ सर्वबाद झाला तर तो किती षटकांत झाला हे न बघता पूर्ण षटकं धरायची, वनडेत ५० आणि टी-ट्वेंटीत २०. २०१९ च्या विश्वचषकात पाकिस्तान वेस्ट इंडीजविरुद्ध २१.४ षटकांत १०५ मध्ये आटोपलं. त्यांची गती १०५ भागिले ५०, म्हणजे २.१०. वेस्ट इंडीजनं १३.४ षटकांत १०८ केल्या: १०८ भागिले १३.६६७, म्हणजे ७.९०२. पाकिस्तानची नेट रनरेट उणे ५.८०२. इथेच १३.४ नं भागलं असतं तर ८.०६ आले असते आणि सगळं चुकलं असतं. त्या एका दुपारचा फटका पाकिस्तानला शेवटपर्यंत बसला. त्यांनी न्यूझीलंडला साखळीत हरवलं होतं, दोघांचे गुण ११ झाले, विजयही सारखे पाच, पण न्यूझीलंड अधिक ०.१७५ आणि पाकिस्तान उणे ०.४३०. न्यूझीलंड उपांत्य फेरीत.

तिसरी, सरासरी. सामन्यागणिक रनरेट काढून त्यांची सरासरी घ्यायची नाही. धावा आणि षटकांची बेरीज करून शेवटी एकदाच भागायचं. उदाहरण करून पाहा. पहिल्या सामन्यात ५० षटकांत ३०० केल्या, ५० षटकांत २५० दिल्या: अधिक १. दुसऱ्यात प्रतिस्पर्धी १०० मध्ये सर्वबाद, आपण १० षटकांत १०१: अधिक ८.१. सरासरी ४.५५ येते. खरी रनरेट मात्र ४०१ भागिले ६० वजा ३५० भागिले १००, म्हणजे ६.६८३ वजा ३.५, अधिक ३.१८३. फरक दीड धावेच्या जवळ. म्हणून तक्त्यात प्रत्येक संघाला चार चालू बेरजांचे रकाने द्या: केलेल्या धावा, खेळलेली षटकं, दिलेल्या धावा, टाकलेली षटकं. पाण्यात गेलेला, निकाल न लागलेला सामना या चारही रकान्यांतून वगळायचा. पावसानं षटकं कमी होऊन डकवर्थ-लुईस पद्धतीनं सुधारित लक्ष्य मिळून सामना पूर्ण झाला, तर पहिल्या संघाच्या नावावर त्यांच्या खऱ्या धावा नाहीत, तर लक्ष्यापेक्षा एक कमी इतक्या धावा, दुसऱ्या संघाला दिलेल्या षटकांत, अशा धरतात.

हे गणित खुद्द संघांकडूनही सुटतं. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, आशिया चषक. पुढच्या फेरीत जायला श्रीलंकेच्या २९१ चा पाठलाग अफगाणिस्तानला ३७.१ षटकांत पूर्ण करायचा होता. ३७ षटकांत २८९ झाल्या, पुढच्या चेंडूवर तीन हव्या होत्या, मुजीब झेलबाद झाला. सगळं संपलं असं समजून शेवटचा फलंदाज फारुकी दोन चेंडू नुसते अडवून खेळला आणि मग पायचीत झाला. पण ३७.४ पर्यंत २९५ झाल्या असत्या तरी अफगाणिस्तान पुढे गेलं असतं. एक षटकार पुरेसा होता, राशिद खान समोर उभा होता, आणि तो हिशेब मैदानात कुणाला माहीत नव्हता. बरोबरीच्या धावसंख्येवर षटकार किंवा चौकार मारला की लक्ष्यापेक्षा जास्त धावा होतात आणि त्या सगळ्या धरल्या जातात. म्हणून निर्णायक सामन्याआधी वहीत तीन ओळी करा: नुसतं लक्ष्य किती षटकांत, चौकारानं संपवलं तर किती, षटकारानं संपवलं तर किती.

गहुंजे

वर्षातून एकदा तरी मैदानावर जावं. पुण्यातले सामने पूर्वी स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर होत; तिथेच २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियानं १६६ करून वेस्ट इंडीजला ९३ मध्ये गुंडाळलं. २०१२ पासून पुण्यातले आंतरराष्ट्रीय सामने गहुंज्याच्या एमसीए स्टेडियमवर होतात. २०२३ च्या विश्वचषकात तिथे पाच सामने झाले, त्यातला एकच भारताचा. उरलेल्या चारांमध्ये अफगाणिस्ताननं श्रीलंकेला हरवलं आणि मिचेल मार्शनं बांगलादेशविरुद्ध नाबाद १७७ केल्या. भारताचं तिकीट मिळालं नाही म्हणून हात हलवत बसू नका. दुसऱ्या दोन संघांच्या सामन्याला जागा चांगली मिळते आणि क्रिकेट तेच असतं.

कसोटी असेल तर पहिल्या तीन दिवसांतलं तिकीट घ्या. तिथे २०१७, २०१९ आणि २०२४ मध्ये झालेल्या तिन्ही कसोटी पाचव्या दिवशी गेल्याच नाहीत. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ओकीफनं ७० धावांत बारा बळी घेतले आणि भारत १०५ व १०७ वर बाद होऊन तिसऱ्या दिवशी हरला. २०१९ मध्ये कोहलीच्या नाबाद २५४ नंतर दक्षिण आफ्रिका चौथ्या दिवशी डावानं हरली. २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या सँटनरच्या तेरा बळींनी पुन्हा तीन दिवसांत निकाल. एकच दिवस परवडत असेल तर दुसरा निवडा: दोन्ही संघांची फलंदाजी दिसायची शक्यता त्या दिवशी सगळ्यात जास्त.

जागा निवडताना आधी ऊन बघा. बरेच स्टँड उघडे आहेत. पूर्वेच्या स्टँडमध्ये तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारी दोननंतर ऊन थेट डोळ्यांत. पश्चिमेच्या स्टँडमध्ये सकाळी त्रास होतो, पण दुपारी सूर्य पाठीमागे जातो. ऑक्टोबरच्या कसोटीला आणि दीडच्या वनडेला पश्चिम बाजू घ्या. रात्रीच्या टी-ट्वेंटीला कुठेही चालेल, पण डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागतोच, कारण सगळं माळरान आहे आणि रात्री नऊनंतर गारठा वाढतो. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात मीठ-साखरेची पुडी. आत जाताना सहसा पिशव्या, बाटल्या, पॉवर बँक आणि नाणीसुद्धा अडवतात, तेव्हा वस्तूंची यादी तिकिटावर वाचून निघा. तिकीट ऑनलाइन घेतलं असेल तर मोबाइलवरचा कोड चालतो की छापील तिकीट बदलून घ्यावं लागतं, तेही आधीच बघा. बदलायचं असेल तर सामन्याच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी.

शहरातून अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. मैदान एक्स्प्रेसवेवरून दिसतं म्हणून एक्स्प्रेसवेनं जायचं नसतं, आणि दुचाकीला तर तिथे बंदीच आहे. निगडीकडून येणाऱ्यांनी जुन्या मुंबई रस्त्यानं देहूरोडमार्गे, कात्रज-वारजे-वाकडकडून येणाऱ्यांनी बाह्यवळण मार्गानं किवळ्यापर्यंत आणि तिथून मामुर्डीकडे वळावं. मोठ्या सामन्याला शेवटचे तीन-चार किलोमीटर रस्ता तुंबतो. नाणेफेकीच्या दोन तास आधी पोहोचायचं धरून निघा. पीएमपीएमएल अशा सामन्यांना मनपा, कात्रज आणि निगडीहून जादा बस सोडते, त्याची बातमी दोन-तीन दिवस आधी येते. लोणावळा लोकलनं देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरता येतं, पुढे रिक्षा लागते. दुपारी गाड्या विरळ असतात, तेव्हा वेळापत्रक आधी बघा. मेट्रोनं पिंपरीपर्यंत येऊन तिथून बस किंवा रिक्षा करणंही सोयीचं पडतं.

हेल्मेट आत नेऊ देत नाहीत. ते गाडीला साखळीनं अडकवायची सोय घरूनच आणा, नाहीतर प्रवेशद्वारावर ते कुठे ठेवायचं यातच पहिली दोन षटकं जातात. पार्किंग शेतांमध्ये असतं, रात्री सगळ्या रांगा सारख्या दिसतात. गाडी लावल्यावर जवळच्या पाटीचा किंवा दिव्याच्या खांबाचा फोटो काढून ठेवा. सातचा टी-ट्वेंटी संपायला पावणेअकरा-अकरा होतात. परतीला ॲपवरची टॅक्सी मैदानाच्या दारात मिळवण्याचा प्रयत्न करू नका, ती गर्दीत आत येऊच शकत नाही. मामुर्डीच्या दिशेनं चालत मोठ्या रस्त्याला लागा आणि तिथून बोलवा. जादा बसनं आला असाल तर उतरतानाच चालकाला परतीची बस कुठे उभी राहणार ते विचारून घ्या, कारण ती बहुधा उतरवलेल्या जागी नसते.